नवा गडी कळतो कसा?

रायपूरच्या तेलीबांधा तळ्याकाठी संध्याकाळी चार पोरं मोबाईल घेऊन बसतात, आणि पुढच्या मिनिटाला ती एरंगेल बेटावर उतरलेली असतात. बीजीएमआय या खेळातलं हे बेट: आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद, आणि त्यावर शंभर खेळाडू.

चौघांतला एखादा नवखा असेल, तर त्याने तोंड उघडायच्या आधीच अनोळखी खेळाडूंनाही ते कळतं. तो उघड्या माळावर सरळ रेषेत धावत सुटतो, लूट उचलताना एका जागी थिजतो, घरात शिरल्यावर दार उघडंच ठेवतो आणि आपण आत असल्याचं सगळ्यांना सांगून बसतो. बोटांच्या हालचालींवर चालणाऱ्या आकृतीलाही देहबोली असते, हे केवढं नवल!

२००७ साली संशोधक निक यी आणि सहकाऱ्यांनी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात हेच तपासलं. तिथे पुरुषरूपातल्या दोन आकृती स्त्रीरूपातल्या दोघींपेक्षा एकमेकांपासून लांब उभ्या राहत. आणि कुणी फार जवळ आलं, की नजर दुसरीकडे वळे. तिथे कुणाचा धक्का लागणार नसतो, तरी अंतर राखायची आपली सवय सोबत येतेच.

पण नव्या जगाची रीत मात्र तिथल्या माणसांकडूनच शिकावी लागते. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर केवळ शब्दांचं जग उभारलं, तेव्हाही हे असंच होतं. १९९०च्या ‘लॅम्डामू’ या तशाच शब्दांच्या जगात पाहुणा आधी कोट ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत पोचे; दार उघडलं की दिवाणखाना, आणि तिथे गप्पा मारणारी मंडळी.

एरंगेलवर ही शिकवणी गोळीबारात चालते. नवखा ‘नॉक’ होऊन रांगू लागतो. कुणी ‘नूब’ म्हणून हिणवतो, तर कुणी धुराचा पडदा करून त्याच्याजवळ बसतो आणि सुमारे दहा सेकंद बंदूक बाजूला ठेवून त्याला उठवतो. तेवढा वेळ उठवणाऱ्याचाही जीव टांगणीला असतो. आडोसा घ्यावा, दार लावावं, हे त्यानंतर एका वाक्यात पटतं. खेळाचे नियम कंपनी लिहिते. पण नव्याला माणसात घ्यायचं की नाही, हे त्या दहा सेकंदांत जुने खेळाडू ठरवतात. आणि आज ज्याला असं उठवलं, तोच उद्या दुसऱ्या नवख्यासाठी धावेल, असं मला मनापासून वाटतं.