चिपाडावर चालणारे वीजघर

गव्हाणीत १०० टन ऊस पडला की रस निघून सुमारे ३० टन बगॅस, म्हणजे चिपाड, उरतो. त्यात निम्मे पाणीच असते, तरी तो थेट बॉयलरमध्ये जळतो. जुन्या साखर कारखान्यांत वाफेचा दाब २१ बारच्या आसपास असे. सहवीज प्रकल्पांनी तो ६७ ते ११० बारवर नेला आणि खरा फरक तिथेच पडला. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग दाब उतरल्यावर रस तापवायला आणि आटवायला जाते. नुसत्या औष्णिक वीजकेंद्रात हीच उष्णता कूलिंग टॉवरमधून वाया जाते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज महावितरण विकत घेते. मात्र गाळप थांबले, की वाफेला गिऱ्हाईक उरत नाही. दुहेरी फायदा हंगामापुरताच.