एका ताटातला राजा

सात वर्षांचं पोर शत्रूच्या छावणीत जातं आणि ऐन पंचविशीत परत येतं. मिसरूड फुटलेलं, आवाज बदललेला, चाल बदललेली. फोटो नाही, जन्माचा दाखला नाही. आणि हा तरुण म्हणतो, मी संभाजी महाराजांचा मुलगा, थोरल्या शिवाजी महाराजांचा नातू, गादी माझी! तुम्ही मराठ्यांचे सरदार आहात. पाठीशी पाच-दहा हजार घोडा आहे. आता हा माणूस खरा की तोतया, हे ठरवणार कसं?

1707 च्या उन्हाळ्यात हा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्रापुढे उभा होता. त्याच्या उत्तरात आपल्या वऱ्हाडाचा हात आहे. एकदा नव्हे, दोनदा.

रायगड 1689 साली पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीला जाऊन लढत राहिले आणि 1700 साली सिंहगडावर वारले. मग त्यांच्या राणीने, ताराबाईंनी, आपल्या चार वर्षांच्या मुलाला, धाकट्या शिवाजीला, गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. हंबीरराव मोहित्यांचीच लेक ती! 1707 च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. दिल्लीच्या तख्ताकडे धावत निघालेल्या त्याच्या मुलाने, आझमशहाने, वाटेत, माळव्यात, शाहूंना सोडून दिलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. हेतू उघड होता. मराठ्यांत दोन राजे झाले की ते आपसातच लढत बसतील.

शाहू नर्मदा उतरून दक्षिणेकडे निघाले. ताराबाईंनी जाहीर केलं, हा तोतया आहे. शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा होता, आणि तो नुसताच उडवून लावण्यासारखा नाही. संभाजी महाराजांबरोबर राज्य बुडालं होतं, ते माझ्या नवऱ्याने परत उभं केलं, मग त्यावर हक्क कुणाचा? सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि वीस वर्षं नांगर दुसऱ्याचा, अशी ही भानगड. यवतमाळच्या कुठल्याही तहसील कचेरीत तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशा वेळी वऱ्हाडात पाय रोवलेले परसोजी भोसले शाहूंना येऊन मिळाले. शंका फेडण्यासाठी ते शाहूंबरोबर एका ताटात जेवायला बसले, असं सांगतात. बस्स, एवढंच! पण त्या काळात या ‘एवढंच’चं वजन केवढं होतं, ते बघा. कुणाच्या पंगतीला बसायचं, कुणाच्या हातचं खायचं, यावर माणसाची जात, सोयरीक, इभ्रत, सगळं टांगलेलं. समोरचा तोतया निघाला तर त्याच्या ताटात जेवणारा स्वतः वाळीत पडणार, मुलाबाळांची लग्नं अडणार. म्हणजे परसोजींनी नुसती साक्ष दिली नाही, अख्खं घराणं तारण ठेवलं. खोटं बोलण्याची किंमत इतकी वाढवून ठेवायची की बोलणारा खरंच बोलत असणार! कागदाशिवाय, शिक्क्याशिवाय पुरावा उभा करण्याची ही रीत मला थक्क करते.

आणि ताराबाईंनी काय केलं? त्यांनीही अन्नच पुढे केलं. आपल्या सरदारांना दूधभाताची शपथ घ्यायला लावली, की आम्ही शाहूकडे जाणार नाही. एका बाजूला एक ताट, दुसऱ्या बाजूला दूधभात. 12 ऑक्टोबर 1707 ला भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला गेले. दूधभात हरला. 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापुरात आपली गादी चालू ठेवली. शिवाजी महाराजांच्या राज्याला आता दोन छत्रपती होते.

असा पेच जगात आणखी कुठे पडला असेल? चला जपानात, शाहूंच्या आधी पावणेचारशे वर्षं मागे. तिथला सम्राट गो-सागा 1272 साली वारला, आणि त्याच्या दोन मुलांच्या शाखांत गादीवरून तेढ पडली. तोडगा निघाला तो आळीपाळीचा, एकदा या घरचा सम्राट, एकदा त्या घरचा. तो टिकणार किती दिवस? गो-दाइगो नावाच्या हिकमती सम्राटाने आळीपाळी झुगारली. 1336 मध्ये आशिकागा ताकाउजी या सेनानीने त्याला हटवून क्योटोत दुसऱ्या शाखेचा सम्राट बसवला. आता राजा खरा कोण, हे तिथे कशावरून ठरायचं? तीन वस्तूंवरून. आरसा, तलवार आणि रत्न. ज्याच्याकडे ही तीन राजचिन्हं, तो सम्राट. गो-दाइगोने ती मुकाट्याने देऊन टाकली, मग दक्षिणेला योशिनोच्या डोंगरांत पळून गेला आणि तिथून त्याने कळवलं, दिली ती नकली, खरी माझ्याजवळच आहेत!

आपल्याकडे माणूस तोतया असल्याचा वाद, तिथे वस्तू तोतया असल्याचा. आणि गंमत अशी, की ही चिन्हं कुणाला दाखवायचीच नसतात. 2019 साली नवे सम्राट गादीवर आले तेव्हाही तलवार आणि रत्न झाकूनच आणले होते. मग खरं-खोटं तपासणार कोण? छप्पन्न वर्षं, 1392 पर्यंत, जपानात दोन दरबार चालले. उत्तरेचा क्योटोत, दक्षिणेचा योशिनोच्या बाजूला. दोघांचे सम्राट वेगळे, दोघांचे सनावळीचे शकसुद्धा वेगळे.

दोन गाद्या इतकी वर्षं टिकतात कशा? एक जोरदार, दुसरी दुबळी, तर दुबळी लगेच मोडत का नाही? कारण तिसऱ्याला ती हवी असते. जपानातला कुठलाही सरदार एका दरबाराशी बिनसलं की दुसऱ्याचं निशाण उचलायचा. खुद्द ताकाउजीच्या सख्ख्या भावाने हे केलं, आणि पुढे काही काळ ताकाउजीनेही! आपल्याकडे हाच डाव निजामाने टाकला. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथ मराठ्यांना द्यायची होती. तो साळसूदपणे म्हणाला, देतो की, पण दोन छत्रपती आहेत, खरा कोण ते आधी ठरू द्या! ताराबाईंना 1714 मध्ये त्यांच्याच सवतीने, राजसबाईंनी, कैदेत टाकून आपला मुलगा संभाजी कोल्हापूरच्या गादीवर बसवला होता. निजामाने त्या संभाजींना जवळ केलं. मग पहिल्या बाजीरावांनी फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला निजामाची कोंडी केली आणि शाहूंची गादी त्याच्याकडून कबूल करून घेतली. पुढे 13 एप्रिल 1731 ला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा. दोन गाद्यांमधला तंटा एका नदीवर मिटला. जपानला हे साधलं नाही. तिथे 1392 मध्ये दक्षिणेच्या सम्राटाने राजचिन्हं उत्तरेला दिली ती पुन्हा आळीपाळी सुरू होईल या वचनावर, आणि ते वचन पाळलं गेलं नाही.

आता परत वऱ्हाडात येऊ. परसोजींचा मुलगा कान्होजी. त्यांचं ठाणं भांबला होतं, यवतमाळजवळ. आजचं भांबराजा ते हेच. साताऱ्याचं ऐकेनासे झाले म्हणून शाहूंनी त्यांच्यावर कुणाला पाठवलं? त्यांच्याच घरातल्या पुतण्याला, रघूजींना. वणीजवळ मंदरला लढाई झाली आणि काका पुतण्याच्या हाती लागले. शाहूंना पहिल्यांदा राजा मानणाऱ्या माणसाचा मुलगा कैदी होऊन साताऱ्याला गेला. वऱ्हाडची सरदारी रघूजींकडे आली, आणि हेच पुढे नागपूरचे पहिले रघूजी.

आणि इथे ते ताट पुन्हा येतं.

15 डिसेंबर 1749 रोजी शाहू निपुत्रिक वारले. गादीला वारस कोण? वारणेच्या तहाच्या सुमारापासून साताऱ्यात राहणाऱ्या ताराबाई तेव्हा पंचाहत्तरीला टेकल्या होत्या. त्यांनी शाहूंच्या हयातीतच गुपित फोडलं होतं, की माझा एक नातू आहे, राजसबाईंच्या भीतीने मी त्याला लपवून वाढवला. हा रामराजा. म्हणजे ज्या बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी एका राजपुत्राला तोतया ठरवलं, त्याच आता कुणीही न पाहिलेला राजपुत्र घेऊन उभ्या होत्या! रघूजी साताऱ्याला आले आणि त्यांनी अट घातली. ताराबाईंनी जातभाईंसमक्ष रामराजाबरोबर जेवावं, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगावं की हा माझा नातू. ताराबाई जेवल्या, शपथ घेतली, रघूजींचं समाधान झालं. परसोजींनी जे स्वतः केलं, तेच त्यांच्या घराण्यातल्या रघूजींनी ताराबाईंकडून करून घेतलं. हरलेल्या शाखेचा नातू जिंकलेल्या गादीवर बसला.

वर्ष संपायच्या आत ताराबाईंनी रामराजाला चंपाषष्ठीच्या निमित्ताने साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि कैद केलं. तो त्यांच्या मुठीत राहीना. 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी उलटी शपथ घेतली, हा माझा नातू नव्हेच! मग आधीची शपथ खोटी की ही? इतिहासकार अजून वाद घालतात. पण निकाल बघा काय लागला: रामराजा कैदेत, पण छत्रपती तोच. 1777 मध्ये वारेपर्यंत साताऱ्याची गादी त्याच्याच नावावर राहिली. एकदा ताटावर सिद्ध झालेला राजा देवासमोरच्या शपथेनेही रद्द झाला नाही.

जपानचा निकाल तर याहून अचाट. 1911 साली, शाळेच्या पाठ्यपुस्तकांवरून, प्रश्न पुन्हा पेटला की त्या छप्पन्न वर्षांत खरा दरबार कोणता. सरकारने ठरवलं, दक्षिणेचा. आणि तेव्हा गादीवर असलेले मेइजी सम्राट उत्तरेच्या शाखेचे होते! आपले पूर्वज त्या काळात खरे सम्राट नव्हते, हे मान्य करून ते गादीवर राहिले.

आपल्याकडे वारस ठरवण्याची रीतच इंग्रजांनी मोडली. 1848 मध्ये साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी निपुत्रिक गेले आणि तेही राज्य गेलं. दोन छत्रपतींचं खरेपण ज्यांनी पारखून घेतलं, त्या घराण्याचा वारस आता कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल ठरवत होता. टिकली ती वारणेच्या पलीकडची गादी. पालखेडला डाव फसलेली, तहात धाकटी पाती झालेली कोल्हापूरची गादी 1949 साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत चालू होती.