जुन्या फोर्डची जुळणी

सकाळी ६.३०
होटगी रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याची शेड लागते. मे महिना आहे. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे जड काम सकाळीच उरकायचं. वस्ताद कुलूप काढतात, पण लगेच पाना हातात घेत नाहीत. आज नळाला पाणी आहे. सोलापुरात ते रोज येत नाही. हाताखालचा पोरगा पिंप भरतो, दोन कॅन भरतो. मग काम.

शेडच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांवर एक लांब चौकट. ही फोर्ड टीटी. कंपनीने १९१७ साली बाजारात आणलेला एक टनी ट्रक. इंजिन मॉडेल टी मोटारीचंच, वीस अश्वशक्तीचं. चौकट मात्र लांब, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत १२४ इंच, आणि मागच्या एक्सलला वर्म गिअर. हिंदुस्थानात या गाड्या कॅनडातल्या फोर्ड कारखान्यातून यायच्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. इंजिनावरच्या नंबराआधी इंग्रजी ‘सी’ हे अक्षर आहे, ते कॅनडाचं.

मालक पुण्यात असतात. गाडी त्यांच्या पणजोबांची. जिनिंगमधून गिरणीत कापसाच्या गाठी टाकायची. एक टन म्हणजे आजच्या १७० किलोच्या सहा गाठीसुद्धा नाहीत. तरी त्या काळी बैलगाड्यांच्या रांगेत ती एकटी पुढे निघून जात असणार.

सकाळी ७.१०
आज कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ओतायचे आहेत. चार सिलिंडर, चार रॉड. आताच्या गाडीत तयार बेअरिंगच्या वाट्या मिळतात, जुन्या काढून नव्या बसवायच्या. इथे तसं नाही. वितळलेला बॅबिट धातू थेट रॉडच्या तोंडात ओतायचा, गार झाला की कातायचा, मग हाताने खरवडून बसवायचा.

शेगडी पेटते. लोखंडी पळीत बॅबिटचे तुकडे. कथिलाचं प्रमाण जास्त असलेला चांगला बॅबिट किलोला अडीच हजारांच्या वर जातो, म्हणून जुन्या बेअरिंगचा चुराही फेकलेला नाही. तो वेगळ्या डब्यात आहे, दुसऱ्या कुठल्या तरी कामाला. या रॉडला नवाच माल.

रॉड आधी तापवून कथिलाचा हात दिला जातो, नाहीतर बॅबिट धरत नाही. रॉडच्या तोंडात मधोमध उभ्या केलेल्या दांड्याला दिव्याची काजळी धरतात, म्हणजे धातू तिला चिकटत नाही. धातू तयार झाला का, हे बघायला वस्ताद वाळकी काडी बुडवतात. काडी काळी पडली पण पेटली नाही. “घे बे,” ते म्हणतात. पोरगा सांडशीने रॉड धरतो. वस्ताद एका धारेत ओततात. हात थांबला तर थर पडतो, आणि थर पडलेलं बेअरिंग महिन्याभरात सुटतं.

तिसऱ्या रॉडला कडेला खड्डा राहिला. पुन्हा वितळवला, पुन्हा ओतला. कुणी काही बोललं नाही. चौथा झाला तेव्हा दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते.

सकाळी ९.००
चहा. दहाचा एक. सोबत खारी.

गाडीचे भाग कुठून कुठून आले ते वस्ताद सांगतात. मला या सगळ्या कामातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण यातला एकही भाग नुसता पडून नव्हता. गाडी बंद पडल्यावर ज्याला जे लागलं ते त्याने नेलं आणि कामाला लावलं.

मागचा एक्सल मोहोळ तालुक्यात सापडला, उसाच्या बैलगाडीखाली. शेतकऱ्याने पैसे मागितले नाहीत. “एक्सल द्या आणि न्या,” एवढंच म्हणाला. त्याची गाडी थांबली असती तर कारखान्याचा ऊस थांबला असता. वस्तादांनी जुन्या जीपचा एक्सल शोधला, टायर चढवले, बैलगाडीला बसवून दिला, मग हा काढला. चौदा हजार गेले.

चौकटीच्या दोन्ही पट्ट्या अक्कलकोटकडच्या एका गोठ्याच्या आढ्याला होत्या. तिथे आधी नवं चॅनेल चढवलं, टेकू दिले, मग जुन्या उतरवल्या. म्हशी दोन दिवस बाहेर बांधाव्या लागल्या, त्याबद्दल म्हातारीने वस्तादांना बोल लावला तो वेगळाच.

इंजिन करमाळ्याच्या बाजूला पिठाची गिरणी चालवत होतं. वीज आल्यावर ते कोपऱ्यात गेलं. पट्ट्याची पुली अजून त्याच्यावर होती.

पुढच्या स्प्रिंगचे पाटे मात्र गेले ते गेले. लोहाराने त्यांचे कोयते केले. पाट्याचं पोलाद धार धरतं, ऊसतोडीला त्याच्यासारखं दुसरं नाही. ते नवे करून घ्यावे लागले.

आणि चुंबक. या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर सोळा चुंबक असतात, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे. ठिणगीची वीज तिथेच तयार होते. पंधरा इंजिनासोबत आले. सोळावा एका भंगारवाल्याकडे निघाला. दोरीला बांधलेला. पितळ कुठलं, लोखंड कुठलं, ते तो त्याने तपासायचा. वस्तादांनी त्याला फुटक्या स्पीकरचं चुंबक दिलं.

सकाळी १०.१५
अक्कलकोट रस्त्याची एमआयडीसी. रिक्षाने, रॉड आणि क्रँक गोणपाटात गुंडाळून. इथल्या लेथवर रोज यंत्रमागाचे सुटे भाग होतात. आजही गिऱ्हाईक आधीच उभं आहे. त्याचे माग बंद आहेत, टॉवेलचा माल अडकलाय. टर्नर वस्तादांकडे बघतो. वस्ताद मानेने खूण करतात, आधी त्याचं कर.

तासभर थांबलो. याच शहरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी आहे, परदेशातल्या मोटारींना इथून कॅमशाफ्ट जातात. या लेथवर मात्र माप अजून सुतात चालतं. क्रँकची पिन सव्वा इंच, म्हणजे दहा सूत. झिजून थोडी कमी भरते. टर्नर मायक्रोमीटर लावतो, वस्तादही स्वतः लावून बघतात. दोघांचा आकडा जुळल्याशिवाय कटिंग टूल धातूला लागत नाही. रॉडला अडीचशे, चार रॉडचे हजार.

दुपारी १.००
कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, ताक. मग शेडमागच्या लिंबाखाली गोणपाट. पत्रा तापलेला, हातोडाही धरवत नाही. झोप.

दुपारी ३.३०
एक विणकर सायकलवरून येतात. पिशवीत सुती पट्टीची गुंडाळी.

या गाडीला आपल्या ओळखीचा गिअर नाही. पायाखाली तीन पेडल. डावं पुढे जायला, मधलं मागे यायला, उजवं ब्रेकला. प्रत्येक पेडल आतल्या एका ड्रमवर पोलादी पट्टा आवळतं, आणि त्या पट्ट्याला आतून अस्तर असतं जाड विणलेल्या सुताचं. नऊ सूत रुंद. बाहेरून मागवलं तर मिळतं. वस्ताद म्हणाले, सूत बाहेरून कशाला आणायचं, तेही सोलापुरात? मला ते पटलं.

विणकरांनी आधी आणलेली पट्टी पातळ होती, तेल पिऊन ताणली गेली. आजची घट्ट आहे. वस्ताद नखाने दाबतात, तेलात बुडवून ठेवतात, ओढून बघतात. “चालतंय बघा अण्णा.” अण्णा दोनशे रुपये घेतात, पण जात नाहीत. सुती पट्टी लोखंड कसं थांबवते ते त्यांना बघायचं आहे. पोरगा ड्रम फिरवतो, वस्ताद पेडल दाबतात. ड्रम थांबतो. अण्णा वाकून दोनदा बघतात.

दुपारी ४.३०
खरवडणं. दिवसातलं सगळ्यात संथ काम, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड.

क्रँकच्या पिनीला निळ्या रंगाचा पातळ हात. रॉड बसवायचा, टोपी आवळायची, एक फेरी फिरवायचा, परत काढायचा. बॅबिटवर जिथे निळं लागलं तिथे तो टेकतो. तेवढंच स्क्रॅपरने खरवडायचं. जुन्या त्रिधारी कानशीचे दात घासून केलेला हा स्क्रॅपर. भुगा कणाकणाने निघतो. पुन्हा निळं, पुन्हा फेरी. सुरुवातीला दोनच डाग येतात. मग चार. मग सगळीकडे बारीक ठिपके पसरायला लागतात. तसे पसरले की झालं.

दीड थाउची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट फट ठेवायची. जास्त झाली तर ठोकणार, कमी झाली तर धरणार. या इंजिनाला तेलाचा पंप नाही. फ्लायव्हील तेल उडवतं, रॉड खालच्या पन्हाळीत बुडून आपलं आपण घेतात. फट चुकली तर ते तेल आत शिरत नाही.

वस्ताद शिकले ते फार्गो ट्रकवर. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२. त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघायच्या. वस्ताद कामाला लागले तेव्हा तयार बेअरिंग आले होते, पण त्यांच्या वस्तादांनी ओतून खरवडायला लावलं. आता ते पोरग्याला लावतात. दुसरा रॉड त्याच्याकडे दिलाय.

“जास्त निघालं की परत ओतायला लागतंय. कमीच काढ.”

“कमीच काढतोय की वस्ताद.”

संध्याकाळी ६.१०
मालकाचा फोन. नोंदणीचं काय? पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं, गाडी मूळ रूपात हवी, धंद्याला वापरायची नाही. त्या काळच्या या फोर्डच्या चौकटीवर नंबर नसायचा, इंजिनाचा नंबर तोच गाडीचा. मालकांच्या घरातल्या जुन्या वहीत जो नंबर आहे तोच पिठाच्या गिरणीतल्या इंजिनावर निघाला. म्हणून तर करमाळ्यापर्यंत जाणं झालं.

फोन ठेवल्यावर पोरगा म्हणतो, “वीस हजार. माझा दीड महिना.”

“तुझ्या हातचा रॉड पण त्याच नंबरात जाणाराय,” वस्ताद म्हणतात.

संध्याकाळी ७.१५
हिशेब. लेथ हजार. रिक्षा येऊन-जाऊन दोनशे. पट्टी दोनशे. डिझेल दोन लिटर, धुवायला. चहा. पोरग्याचे साडेचारशे. वस्तादांचे बाराशे, ते वहीत, महिनाअखेरीला.

दोन रॉड बसले, दोन राहिले. उद्या सकाळी बाभळीचे आरे घेऊन सुतार येणार. ते बैलगाडीची चाकं करतात. एका चाकाला बारा आरे. वरचा लाकडी हौदाही तेच करणार. ही गाडी सुरुवातीला नुसत्या चौकटीवर विकली जायची, हौदा गावचाच सुतार करायचा, तेव्हा तेवढं काम अस्सलच म्हणायचं.

पोरगा स्क्रॅपर पुसून फडक्यात गुंडाळतो. वस्ताद त्याच्या रॉडवर अंगठा फिरवतात.

“अजून एक फेरी मारावी लागंल. सकाळी.”