आकड्यांचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, अशी म्हण आहे. शास्त्रीय आकड्यांच्या बाबतीत मात्र हा संकोच महाग पडतो.

कॅनडातील हडसन बे कंपनी शिकाऱ्यांकडून कातडी विकत घेई व त्यांची नोंद ठेवी. ह्या व्यापारी नोंदी पुढे प्राणिशास्त्राच्या कामी आल्या. ससे आणि त्यांच्यावर उपजीविका करणारे लिंक्स नावाचे रानमांजर ह्यांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्याने चढते व उतरते, असे त्यांवरून दिसले. १९३७ साली मॅक्लुलिच ह्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे आलेखरूपाने पाठ्यपुस्तकांत रूढ झाले.

परंतु १९७३ साली मायकेल गिल्पिन ह्यांनी ह्या नोंदी गणिताने पारखल्या, तेव्हा काही फेऱ्यांत लिंक्सची भरती आधी व सशांची मागाहून आढळली. जणू ससेच लिंक्सना खात होते! ह्या कोड्याचा एक धागा नोंदींच्या उगमापाशी सापडतो. सशांचे आकडे मुख्यतः हडसन उपसागराच्या परिसरातले, तर लिंक्सचे बहुतांशी पश्चिम कॅनडातले. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभानंतरचे सशांचे आकडे कातड्यांवरून घेतलेले नव्हतेच. ते प्रश्नावलींच्या उत्तरांवरून बांधलेले अंदाज होते. आलेखाच्या अखंड रेषेत हा सांधा दिसत नसे.

म्हणून दुसऱ्याचे आकडे वापरणाऱ्याने ते कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या रीतीने जमविले आणि मागाहून त्यांत कोणते फेरफार झाले, हे आकड्यांशेजारीच नोंदवावे. कंपनीच्या कारकुनांनी कातडी मोजली होती, ससे नव्हेत; एवढे एक वाक्य सोबत राहिले, तरी पुढचा अभ्यासक सावध होतो.