पावसातला शनिवार-रविवार

पावसाची झड लागावी आणि त्यातच शनिवार-रविवारची सुटी यावी, म्हणजे पुष्कळांना ती सुटी फुकट गेली असे वाटते. बाहेर पडता येत नाही, कपडे वाळत नाहीत, मुले घर डोक्यावर घेतात. परंतु ज्याच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत किंवा परसात हातभर माती आहे, त्याने तरी ही तक्रार करू नये. त्याच्या वर्षातले ऐन कामाचे दिवस हेच होत.

याचे कारण साधे आहे. झाडाची फांदी कापून लावली की तिला मुळे नसतात. पानांतून मात्र पाण्याची वाफ जातच असते. आवक बंद आणि खर्च चालू, अशा संसाराचे जे व्हायचे तेच तिचे होते. उन्हाळ्यात ती दोन दिवसांत मान टाकते. पावसाळी हवेत ओलावाच इतका असतो की, हा खर्च पुष्कळच कमी होतो आणि मुळे फुटेपर्यंत तिला उसंत मिळते. जास्वंद, तगर, मोगरा, गावठी गुलाब यांच्या फांद्या शेजाऱ्यांकडून मागून आणायच्या त्या याच दिवसांत. विकतच्या रोपाला ही गोडी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

फांदी पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही, अशी निवडावी. वीतभर तुकडा डोळ्याच्या किंचित खाली तिरपा कापावा, शेंड्याची एकदोन पाने ठेवून बाकीची काढावी आणि दोन डोळे मातीत जातील असा तो रोवावा. आठवड्याभरात पालवी दिसली की आपण हुरळून जातो. पण ती पालवी फांदीतल्या साठ्यावरही फुटते. मुळे धरल्याची ती खूण नव्हे. म्हणून महिनाभर तरी फांदी उपटून पाहण्याचा मोह आवरावा. घरातल्या लहान मुलांना हे पटवणे सर्वांत कठीण.

आपल्या देशात हे दिवस सर्वत्र एकदम येत नाहीत. मोसमी पाऊस मुंबईस साधारणपणे 11 जूनच्या सुमारास पोहोचतो, दिल्लीस 27 जूनच्या सुमारास. तंजावरच्या मराठी मंडळींचा मुख्य पाऊस तर ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. तेव्हा पंचांगाकडे न पाहता आभाळाकडे पाहून फांद्या लावाव्यात.

रविवारचे एक काम मात्र न चुकता करावे. कुंड्यांखालच्या बशा ओतून, घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे दर रविवारच्या या कामाने त्याची साखळी तुटते. अंडी पाण्याच्या कडेला भांड्याच्या अंगास चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात; म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही.

मोरीच्या पाण्यावर अळू माजले असेल, तर दुपार त्याच्या स्वाधीन करावी. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर असतो. त्यामुळे थेंब पसरत नाही, पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळतो. मुलांचा अर्धा तास यातच जातो. मग वड्यांना बसावे. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून चिंच-गुळाचे पीठ लावलेल्या गुंडाळ्या पुरत्या उकडल्याखेरीज तळणीला हात लावू नये. देठ टाकू नयेत. सोलून, शिजवून दह्यात कालवले आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी दिली की त्यांची देठी होते, आणि पावसाळी जेवणात ती वडीहूनही आधी संपते.