लष्करातील कॉन्व्हेंट आणि नगरकडचे मास्तर

हल्ली आडगावीही 'कॉन्व्हेंट' अशी पाटी दिसते. आत ना मठ, ना मठवासिनी! कॉन्व्हेंट म्हणजे खरे पाहता ख्रिस्ती जोगिणींचा मठ. मग या शब्दाला 'इंग्रजी शाळा' हा अर्थ चिकटला कसा?

भोर-वेल्ह्याचा माणूस पुण्यात स्वारगेटला उतरतो, तेथून लष्कर फार लांब नाही. तेथे १८६० साली कॅथॉलिक मठवासिनींनी 'जीझस अँड मेरी' हे मुलींचे कॉन्व्हेंट काढले. १८६७ साली जेझुइट पाद्र्यांनी मुलांसाठी सेंट व्हिन्सेंट शाळा उघडली. त्या वेळच्या लष्करात कॅथॉलिक कोण? गोऱ्या पलटणीतले आयरिश शिपाई, गोव्याकडची माणसे, तामिळ कुटुंबे. एकाची बोली दुसऱ्याला कळायची नाही, म्हणून शाळा इंग्रजी. पुढे इंग्रजीवर नोकरी मिळते म्हटल्यावर इतर धर्मांचे लोकही मुले घालू लागले. झाले, कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी!

पण पाद्र्यांची सगळी विद्या इंग्रजीतच होती, असे मात्र समजू नका. १५७९ साली गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स जातीचा इंग्रज. त्याने 'क्रिस्तपुराण' रचले ते मराठी ओव्यांत. १६१६ साली ते छापले गेले, तेही रोमन लिपीत. कारण नागरी खिळे नव्हते. उलट १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. सरकारी हुकमाने घरातली बोली जाते थोडीच!

आता नगर जिल्ह्याकडे वळू. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर जर्मन जेझुइट तेथे खेड्यांत राहू लागले. त्यांच्याकडे आली ती बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले. गावच्या शाळेत त्यांना सरळ बसू देतो कोण? येथे शिकवणे मराठीत. मास्तर बहुधा एकच, अक्षरेही तोच शिकवी आणि प्रार्थनाही. शाळेबरोबर धर्म येई, हे लपवण्यासारखे नाही; त्यावर टीका झाली ती रास्तच. तरी ज्या बापाला दुसरे दार उघडे नव्हते, त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

पहिले महायुद्ध लागले, आणि हे जर्मन पाद्री इंग्रज सरकारला शत्रू वाटू लागले. त्यांना आधी स्थानबद्ध केले, मग मायदेशी धाडले. गोरे गुरुजी गेले. खेड्यातला मराठी मास्तर तेवढा पाटी-पेन्सिल घेऊन जागेवर राहिला.