आरोग्याची विषमता आणि लहान सेवासंस्था



एकाच जिल्ह्यांत, किंबहुना एकाच शहराच्या दोन वस्त्यांत, माणसांच्या आयुष्याची दोरी सारख्या लांबीची नसते. एका घरीं मूल जन्मास येतें आणि तें वांचणारच अशा खात्रीनें बारशाची तयारी चालते; दुसऱ्या घरीं पहिला महिना सरेपर्यंत आई जीव मुठींत धरून असते. हा भेद निसर्गानें घातलेला असता तर त्यापुढें हात टेकणें भाग होतें. परंतु तो बव्हंशीं मनुष्यकृत आहे, आणि म्हणूनच तो कमी कसा होईल याचा विचार करणें हें आपलें कर्तव्य ठरतें. या कार्यांत, ज्यांचीं नांवें आपल्या कानावर क्वचितच पडतात अशा लहान स्वयंसेवी संस्थांचा वांटा कोणता, आणि त्यांना आपण कोणत्या रीतीनें साहाय्य करावें, एवढ्याच प्रश्नासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९७१ सालीं ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत एक नियम मांडला. हे गृहस्थ वेल्समधील खाणकामगारांच्या गांवीं दवाखाना चालवीत असत. त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ असा कीं, चांगल्या वैद्यकीय सेवेची जेथें गरज अधिक, तेथें ती मिळण्याचा संभव कमी. आणि वैद्यकसेवा जितकी बाजाराच्या स्वाधीन केली जाईल तितकी ही विपरीत स्थिति बळावत जाईल. नियम वेल्समध्यें सुचला, तरी त्याचा पडताळा आपणांस कोठेंहि घेतां येतो. पाणी उताराकडे धांवतें, तशी विकत मिळणारी वैद्यकसेवा पैशाकडे धांवते. डॉक्टरहि संसारी मनुष्यच. जेथें फी मिळते आणि मुलांस चांगली शाळा मिळते तेथें तो राहावयास जातो, यांत नवल तें काय?

यावर कोणी म्हणेल कीं, त्यासाठींच सरकारनें मोफत रुग्णालयें काढलीं आहेत. तीं हवींतच, आणि त्यांची जागा दुसऱ्या कोणालाहि घेतां येणार नाहीं. परंतु रुग्णालय आणि रोगी यांच्यामधील अंतर केवळ मैलांत मोजून भागत नाहीं. मजुरी बुडण्याचें भय, गाडीभाडें, डॉक्टरांची न समजणारी भाषा, कोणी तरी खेकसेल ही धास्ती, आणि स्त्रियांच्या बाबतींत लज्जा, या सर्वांचें मिळून तें अंतर बनलेलें असतें. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केले. त्यांपैकीं शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेंकडा ८ च निघाल्या. दुखणें घरोघर होतें. तें कोणापाशीं सांगावें, हाच प्रश्न होता.

मधलें हें अंतर तोडण्याचें काम लहान संस्था करूं शकते, कारण ती त्याच वस्तींत राहते आणि तेथील माणसें तिला नांवानें ओळखतात. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाहीं. १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदनाचें काम सुरू झालें. परिचारिकेचा व्यवसाय ज्या काळीं प्रतिष्ठित घरांत कमीपणाचा मानला जाई, त्या काळीं या संस्थेनें परिचारिका व सुईणी म्हणून स्त्रियांस शिक्षण मिळावें अशी व्यवस्था केली. स्त्रीला स्त्रीकडून सेवा मिळाली पाहिजे, ही गरज त्या संस्थेनें त्या वेळींच ओळखली होती.

याच वाटेनें पुढें गेलेलें उदाहरण जामखेडचें. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील या दुष्काळी तालुक्यांत डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. आरंभीं त्यांनीं शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिलें. तो प्रयोग नीट रुजला नाहीं. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना खेड्यांत एकटें राहणें अवघड, आणि गांवालाहि त्यांच्याविषयीं आपलेपणा वाटेना. तेव्हां त्यांनीं गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती, आणि कित्येकी अस्पृश्य मानलेल्या जातींतील होत्या. अशा स्त्रियांनीं गरोदर बाईची देखभाल, सुखरूप बाळंतपण, मुलांचें पोषण, अतिसारांत द्यावयाचें मीठसाखरेचें पाणी या गोष्टी आत्मसात केल्या. पुढें गांवची सवर्ण बाईसुद्धां अडल्या वेळीं त्यांनाच बोलावूं लागली. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही कीं, आरोग्याची विषमता आणि जातीची विषमता या एकाच गांठीच्या दोन बाजू आहेत, हें जामखेडनें कृतीनें दाखविलें.

दुसरें उदाहरण नवजात बालकांचें. बंग दांपत्यानें १९८६ सालीं गडचिरोलींत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. रुग्णालय कसें असावें, हेंहि त्यांनीं तेथील आदिवासींनाच विचारलें, आणि त्यांच्या सांगण्यावरून झोंपड्यांच्या रचनेचें, दंतेश्वरी देवीच्या नांवाचें रुग्णालय उभारलें. तरी बहुतेक बाळंतपणें घरींच होत, आणि जन्मल्यापासून पहिल्या २८ दिवसांत पुष्कळ मुलें दगावत. त्यांना रुग्णालयापर्यंत आणणें शक्य होत नव्हतें. मग रुग्णालयांतील विद्याच घरापर्यंत नेतां येईल काय, असा विचार पुढें आला. ३९ गांवांत थोडें शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यांत आलें. त्या घरोघर जाऊन बाळाचें वजन घेत, त्याला ऊब कशी द्यावी तें आईला दाखवीत, श्वास घेत नसलेल्या बाळाचा श्वास सुरू करीत, आणि जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून आईबापांच्या संमतीनें औषध व इंजेक्शनहि देत. तुलनेकरितां दुसरीं ४७ गांवें निवडलीं होतीं. तेथें हा उपक्रम नव्हता. तिसऱ्या वर्षाअखेर, म्हणजे १९९७-९८ सालीं, उपक्रमाच्या गांवांतील नवजात बालकांचा मृत्यूदर तुलनेनें शेंकडा ६२ नें उतरला. संस्थेच्या हिशेबाप्रमाणें दर बाळामागें खर्च सुमारें सव्वापांच डॉलर आला, आणि सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागें एक मृत्यू टळला. हे आंकडे १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापून आले.

या हकीगतीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २००५ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलें व गांवोगांव ‘आशा’ नेमल्या. २०११ सालीं नवजात बालकाची घरीं काळजी घेण्याचा कार्यक्रम सरकारनें देशासाठीं स्वीकारला, आणि ‘आशा’नें बाळ ४२ दिवसांचें होईपर्यंत ठरलेल्या दिवशीं घरीं जावें, असें ठरलें. एका कोपऱ्यांतील ३९ गांवांत जें सिद्ध झालें तें देशाच्या उपयोगीं पडलें. यावरून लहान संस्था व सरकार यांचें नातें कसें असावें तें ध्यानांत येईल. सरकारपाशीं विस्तार आहे; चुकून पाहण्याची, दुरुस्त करण्याची, एकेका घराचें म्हणणें ऐकून घेण्याची मोकळीक लहान संस्थेपाशीं आहे. एकाचें काम दुसऱ्यावर ढकलल्यास दोन्हींचा नाश होतो. सरकारनें आपल्या दवाखान्यांतील रिकाम्या जागा तशाच ठेवून सेवाभावी मंडळींकडे बोट दाखविणें जितकें गैर, तितकेंच, सर्व कांहीं सरकार करील म्हणून आपण स्वस्थ बसणेंहि गैर.

अर्थात् लहान आहे म्हणून प्रत्येक संस्था चांगलीच असते, असें नाहीं. पुष्कळ संस्था एका व्यक्तीच्या उत्साहावर उभ्या असतात आणि तिच्यामागें कोसळतात. कांहींचे हिशेब विस्कळीत असतात. कांहीं ठिकाणीं फोटो पुष्कळ आणि काम थोडें, असाहि प्रकार आढळतो. शिवाय जी वस्ती सर्वांत गरीब, तेथें संस्था निघण्याचा संभवहि सर्वांत कमी, म्हणजे ट्यूडर हार्ट यांचा नियम संस्थांनाहि लागू पडतो. म्हणूनच साहाय्य करणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून साहाय्य केलें पाहिजे.

आतां पैशाचा विचार करूं. मोठ्या देणग्यांचा ओघ लहान संस्थेपर्यंत पोंचणें हल्लींच्या काळांत अवघड झालें आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं निदान शेंकडा २ भाग समाजकार्यावर खर्च करण्याचें बंधन घातलें. परंतु कंपनीनें किंवा सरकारनें स्वतः स्थापिलेली नसेल अशा संस्थेस हें काम मिळावयाचें, तर तशा कार्याचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशांतून येणाऱ्या पैशासंबंधींच्या कायद्यांत २०२० सालीं बदल झाला, आणि असा पैसा मिळालेल्या संस्थेनें तो दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई करण्यांत आली. त्यापूर्वीं मोठी संस्था आपल्या निधींतून खेड्यांतील लहान मंडळाला हातभार लावूं शकत असे. ती वाट बंद झाली. त्याच बदलानें कार्यालयीन खर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून २० वर आणली. गैरव्यवहारास आळा घालणें योग्यच. पण ज्या संस्थेचें सर्व काम पायीं हिंडणाऱ्या दहा बायकांच्या मानधनावर चालतें, तिचा हिशेबनीस, जागेचें भाडें आणि प्रवासखर्च कोणत्या रकमेंतून भागवावयाचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचें एक उत्तर केरळनें शोधलें आहे. १९९३ सालीं कोझिकोड येथें, बरें न होणाऱ्या रोग्यांच्या वेदना शमविण्यासाठीं एक लहान संस्था निघाली. तिच्या प्रेरणेनें पुढें मलबारांत गांवोगांव शेजाऱ्यांचीं मंडळें स्थापन झालीं. आठवड्यास निदान दोन तास देऊं शकेल अशा कोणाहि नागरिकाला तेथें शिक्षण मिळे, आणि तो अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याच्या घरीं जाऊं लागे. पैसा उभा राहिला तो मुख्यतः दुकानांतील पेट्यांतून आणि सामान्य माणसांच्या लहान वर्गण्यांतून. २००८ सालीं केरळ सरकारनें या सेवेसंबंधीं स्वतःचें धोरण जाहीर केलें. शंभर घरांची नियमित वर्गणी एका मोठ्या देणगीपेक्षां संस्थेला अधिक स्थैर्य देते, हा यांतील धडा आहे. एक देणगीदार रागावला तर संस्था बुडते; शंभरांतील पांच घरें गळलीं तरी ती चालत राहते.

मग आपल्यासारख्या शहरी, सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? पहिली गोष्ट ही कीं, आपल्याच शहरांत, आपल्या घरीं कामास येणारी बाई ज्या वस्तींतून येते त्या वस्तींत, आरोग्याचें काम कोण करतें, याची चौकशी करावी. दुसरी गोष्ट, देण्यापूर्वीं एक फेरी मारावी. संस्थेची नोंदणी व तपासलेले हिशेब पाहण्यास मागावेत. सार्वजनिक न्यासांना ते धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात, तेव्हां ते दाखविण्यास चांगली संस्था कां कूं करीत नाहीं. शिवाय तेथील एखाद्या रोग्यालाहि विचारावें, “या बाई शेवटच्या केव्हां आल्या होत्या?” या एका प्रश्नाचें उत्तर पुष्कळ कांहीं सांगून जातें.

तिसरी गोष्ट, द्यावयाचें तें नेमानें व निदान तीन वर्षें द्यावें, आणि तें मानधन, भाडें, औषधें, गाडीखर्च अशा रुक्ष बाबींवर खर्च करण्यास मोकळीक द्यावी. आपल्याकडे पुण्यकर्म म्हटलें कीं संगमरवरी पाटीवर नांव कोरण्याची हौस दिसते. इमारतीला दाता मिळतो. इमारतींत बसणाऱ्या परिचारिकेच्या पगाराला मिळत नाहीं. चौथी गोष्ट पैशाची नव्हेच. निवृत्त हिशेबनीसानें महिन्यांतून एक दिवस जमाखर्च लिहून द्यावा. वकिलानें नोंदणीचे कागद पाहावेत. डॉक्टरांनीं आपल्या दवाखान्यांत त्या संस्थेच्या चिठ्ठीनें येणाऱ्या रोग्याला तिष्ठत ठेवूं नये. शिक्षिकेनें आरोग्यसेविकांस नोंदी ठेवावयास शिकवावें. अशा मदतीची किंमत पावतीवर दिसत नाहीं, पण लहान संस्था बहुधा याच गोष्टींच्या अभावीं मोडतात.

शेवटीं एक सूचना. मदत करणाऱ्यानें आपला विचार संस्थेवर लादूं नये. जामखेडला काय हवें तें जामखेडच्या स्त्रियांनीं सांगितलें. गडचिरोलीचें रुग्णालय कसें असावें तें तेथील आदिवासींनीं सांगितलें. शहरांत बसून ठरविलेलें औषध गांवच्या दुखण्याला लागू पडेलच असें नाहीं. वस्तीचें म्हणणें आधीं ऐकावें, मग पैसा द्यावा, आणि वर्षअखेर पुन्हां जाऊन काय झालें तें विचारावें. एवढी शिस्त पांच-पन्नास कुटुंबांनीं पाळली, तरी एखाद्या वस्तींत पुढल्या वर्षीं कांहीं घरीं, एरवीं न होतें असें बारसें होईल.